सिधोम मास्तरांचं काळीज

देर जमीझच्या चर्चमध्ये अकरा वर्षं दर रविवारी सिधोम मास्तरांच्या काळजासाठी प्रार्थना होत होती, आणि मास्तरांच्या काळजाला काहीही झालेलं नव्हतं.

हे दोनच माणसांना ठाऊक होतं. एक स्वतः मास्तर आणि दुसरी त्यांची बायको अन्साफ. तिसरा ठाऊक असणारा देव, पण तो कुणापाशी बोलला नाही.

मास्तर तेव्हा अडतीस वर्षांचे होते. नाईलच्या पूर्वेच्या काठावर, मिन्यासमोर, उसाच्या शेतांत वसलेल्या त्या गावच्या शाळेत ते गणित शिकवायचे. आवाज खणखणीत, वाचन अस्खलित, वागणं चोख. गावचे म्हातारे धर्मगुरू वारले तेव्हा नवे अबूना कोण, हे ठरवायला गावाला एक संध्याकाळ पुरली. तीनशे घरांनी सह्या केल्या, कागद बिशपसाहेबांकडे गेला आणि मास्तरांना मिन्याहून बोलावणं आलं.

मास्तरांना ते नको होतं. पुढे ते लोकांना सांगत की मला माझी लायकी वाटत नव्हती. तसं काही नव्हतं; लायकीबद्दल त्यांच्या मनात कधी शंका आलेली नव्हती. तीनशे घरांची भांडणं, बाळंतपणं, मयतं आणि रुसवेफुगवे जन्मभर आपल्या दारात येणार, या विचारानंच त्यांचा जीव घाबरा झाला होता. शिवाय अन्साफच्या भावाची इस्कंदरियाला बेकरी होती आणि तो कधीपासून म्हणत होता, या इकडे, मिळून चालवू. तिथे समुद्र होता. तिथे कुणी कुणाला ओळखत नव्हतं. मास्तरांनी तीन दिवस प्रार्थना केली, आणि तिसऱ्या दिवशी देव नेमकं मास्तरांच्या मनातलंच बोलला.

बिशपसाहेबांसमोर सरळ नाही म्हणायचं, असं ठरवून ते गेले. पण साहेबांनी दारापर्यंत येऊन त्यांचा हात हातात घेतला, स्वतः चहा ओतून दिला आणि विचारलं, "सिधोम, बाळा, कशाची भीती वाटतेय?" मास्तरांचा हात आपसूक छातीवर गेला. "डॉक्टर म्हणतात, काळीज अधू आहे," ते म्हणाले. "फार वेळ उभं राहायचं नाही, दगदग करायची नाही."

ते असं काही बोलणार आहेत हे त्यांना स्वतःलाही आधी माहीत नव्हतं. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मास्तरांच्या डोक्यावर हात ठेवून तिथल्या तिथे प्रार्थना केली आणि गावाला निरोप धाडला, की या माणसाला जपा.

गावानं जपलं. मोठ्या शहरात चांगले डॉक्टर मिळतात म्हणून मास्तर इस्कंदरियाला निघाले, तेव्हा निम्मं गाव नदीपार नेणाऱ्या तरीपर्यंत पोचवायला आलं. कुणी कबुतरं दिली, कुणी मधाचा डबा. उम्म रिझ्क म्हातारीनं शपथ घेतली की सिधोमच्या काळजासाठी बुधवार-शुक्रवारच्या नेहमीच्या उपासांच्या जोडीला मी मंगळवारचाही उपास धरेन. मास्तर तरीच्या कठड्याला टेकून हळूहळू श्वास घेत उभे राहिले. अन्साफ पाण्याकडे बघत राहिली. तर सुटल्यावर ती एवढंच म्हणाली, "आता आयुष्यभर हळू चाला."

अबूना झाला नागी. नागी म्हणजे पाण्याचे पंप दुरुस्त करणारा, सदा डिझेलनं माखलेला माणूस. नव्या झग्याबरोबर त्याला बाखूम हे नवं नाव मिळालं. ही बातमी ऐकून मास्तर बेकरीत पोट धरधरून हसले. "नागी? अहो, त्याला तीन ओळी वाचताना चार ठेचा लागतात. हा काय उपासना चालवणार?"

पण हसू फार दिवस टिकलं नाही. गावाकडून कुणी ना कुणी इस्कंदरियाला यायचं आणि मास्तरांना भेटल्याशिवाय जायचं नाही. मग मास्तर पोतं उचलता उचलता थांबायचे, खुर्चीवर बसायचे, छातीवर हात ठेवायचे. तिथल्या चर्चमध्ये मिन्याकडचं एक कुटुंब निघालं, तेव्हा मास्तरांनी ते चर्च सोडलं. दुसऱ्या चर्चमध्येही तेच झालं. तिसरं त्यांनी शोधलंच नाही. मेव्हण्याशी बिनसलं; हिशेब मला येतो, भट्टी तू सांभाळ, असं मास्तर रोज त्याला ऐकवत, आणि एके दिवशी मेव्हण्यानं त्यांना दार दाखवलं. शेवटी गणिताचे मास्तर दुसऱ्याच कुणाच्या तरी बेकरीत भट्टीवर कामाला राहिले. हाताला चटके बसत, भुवया जळत. एक मात्र झालं. काम हातात बसलं. पिठाला बोट लावून ते सांगत की हे अजून पाव तासानं फुगेल.

सगळ्यात वाईट वळण चार वर्षांपूर्वीचं. मास्तरांची आई गेली. संध्याकाळची गाडी होती, जागा होती. मास्तर पिशवी भरून दारापर्यंत गेले, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर अख्खं गाव आलं: सांभाळून, मास्तर, बसा, मास्तर, रडू नका, काळजाला सोसायचं नाही. आईच्या मयतात आपल्याला ते सोंग करावं लागणार. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि मोठ्या बहिणीला, वदीदाला, फोन लावला. डॉक्टर प्रवास करू देत नाहीत. पलीकडून वदीदा म्हणाली, "नको येऊस रे. आईपण तेच सांगून गेली. जप." अन्साफ एकटी गेली आणि परतल्यावर महिनाभर कामापुरतंच बोलली.

त्या दिवसापासून मास्तरांनी प्रार्थना सोडली. देवाकडून काय ऐकावं लागेल, याची त्यांना धास्ती होती.

आणि मग त्यांच्या लेकीचं, फेबीचं, लग्न ठरता ठरता अडलं.

मुलगा गावचाच होता. करास त्याचं नाव, उम्म रिझ्कचा नातू. इस्कंदरियाला गुरांच्या डॉक्टरकीचं शिकत होता, दोघांचं जमलं होतं आणि दोन्ही घरांना पसंत होतं. पण ईस्टर होऊन चार दिवस झाले नाहीत तोच करासच्या आईचा फोन आला; तो फेबीनंच घेतला. तू लाखात एक आहेस, ती म्हणाली, पण आमच्या सासूबाई अडून बसल्यात. बापाच्या काळजाचं दुखणं लेकरांत उतरतं म्हणतात. थोडा विचार करू दे.

फेबीनं फोन ठेवला. ती रडली नाही. बापाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला त्रास होईल." आणि आत निघून गेली.

अन्साफ टेबलापलीकडे वाटाणे सोलत होती. तिनं मान वर केली नाही. "तुमच्या काळजाचं तुम्हीच काय ते बघा आता," ती म्हणाली. "मी अकरा वर्षं तोंड शिवून बसले. लेकीच्या लग्नात मला हे शिवण उसवावं लागलं, तर सगळंच उसवेन."

"मी जातो," मास्तर म्हणाले.

"हळू जा," अन्साफ म्हणाली.

शुक्रवारी दुपारी मास्तर तरीवर चढले. गव्हाची कापणी चालू होती, गरम वाऱ्यानं भुसा उडत होता. तरीवाल्यानं त्यांना ओळखलं, एका गाढवाला ढकलून सावलीत जागा केली आणि ओरडून सगळ्यांना विड्या विझवायला लावल्या. "मास्तर आहेत. धुरानं त्रास होतो." चाळीस माणसांनी मुकाट्यानं विड्या विझवल्या. मास्तरांना वाटलं, तरीनं इथेच बुडावं.

वदीदानं दार उघडलं आणि भावाला पाहून तिचे ओठ थरथरले, पण तिनं रडू आवरलं. रडण्यानं त्याला त्रास झाला असता. तिनं त्यांना हाताला धरून आत नेलं. खालच्या खोलीत पलंग घातलेला होता, धुतलेली चादर, उशाला पाण्याचा माठ. "कधी आलास तर जिना चढायला नको, म्हणून चार वर्षं हा असाच घालून ठेवलाय," ती म्हणाली. तिनं कबुतराचं सूप आणलं, बिनमिठाचं. मास्तरांनी ते थेंबाथेंबानं गिळलं. वदीदा समोर बसून आईचे शेवटचे दिवस सांगत होती. आईला शेवटी माणसं ओळखू येत नव्हती, पण रविवारी प्रार्थनेत सिधोमचं नाव आलं की बरोबर मान हलवायची.

मास्तर सांगायचं म्हणून आले होते. त्यांना सांगता आलं नाही.

शनिवारी उजाडायच्या आधी ते उठले आणि चर्चकडे चालू लागले. कुणाच्या तरी मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाची उपासना होती. अंगणाच्या कोपऱ्यातल्या भट्टीच्या खोलीत दिवा जळत होता. तिथे अर्पणाची भाकर भाजतात, आणि त्या खोलीला बेथलेहेम म्हणतात. मास्तरांनी डोकावून पाहिलं. आत अबूना बाखूम बाह्या सरसावून पिठाशी झुंजत होते. दाढीत पीठ, टोपीवर पीठ, आणि तोंडानं स्तोत्र, तेही ठेचा खात.

"या मास्तर," ते वर न बघताच म्हणाले. "पाऊल ओळखलं. शाळेत याच पावलाच्या आवाजानं आम्ही गप्प बसायचो. बसा त्या पोत्यावर. घोब्रियालकाकांचं माकडहाड मोडलं, ते लेकाकडे मिन्याला गेले. दोन महिने मीच भाजतोय. लोक देवाच्या धाकानं खातात."

मास्तरांनी परातीत पाहिलं. पीठ घट्ट होतं, दगडासारखं. त्यांचा हात राहिला नाही. कोट काढून खुंटीला लावला, हात धुतले, कोमट पाण्याचा हबका मारला आणि मळायला घेतलं. सवयीनं हात मिठाकडे गेला. अबूनांनी तो वरच्या वर धरला. "यात मीठ नाही घालत."

"माहीत आहे. विसरलो."

"काय काय विसरलात?"

हे विचारण्यात खोच नव्हती. नागी पूर्वी पंप उघडून असाच विचारायचा, कुठून गळतंय. मास्तर मळत राहिले, आणि मळता मळता बोलू लागले. बिशपसाहेबांचा चहा, छातीवरचा हात, कबुतरं, मधाचा डबा, दाराशी ठेवलेली पिशवी. नागीच्या वाचण्याला ते कसे हसले होते, हेसुद्धा. पीठ मऊ झालं, मग रेशमासारखं झालं, तरी ते मळतच होते.

अबूना बाखूम ओंजळभर पाणी तोंडावर मारून भट्टीसमोर उकिडवे बसले.

"म्हणजे काहीच झालेलं नव्हतं."

"नाही."

"मी स्वतः तुमचं नाव पाचशेवर वेळा घेतलं असेल. आजाऱ्यांत पहिलं नाव. मेलेली माणसं यादीतून गेली, तुम्ही राहिलात. मला वाटायचं, काय चिवट माणूस आहे." त्यांचे खांदे हलू लागले. मास्तरांना वाटलं, रडतायत. ते हसत होते. हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि गंभीर झाले. "वाईट केलंत, मास्तर. आईच्या वेळचं तर फार वाईट."

"हो." मास्तरांनी पिठावर फडकं टाकलं. "अबूना, एक विचारू? देवानं मला एका जागी बोलावलं होतं. ती मी टाकली. तुमच्या अंगावरचा हा काळा झगा माझा होता. आता माझ्यासाठी त्याच्यापाशी काय उरलंय?"

"झगा देणार नाही," अबूना म्हणाले. "आता तो माझा आहे, मापानं शिवलाय." मग त्यांनी भट्टीत एक काटकी सारली. "मी फार शिकलेला नाही. पण बघा, बांध फुटला म्हणून पाणी परत फिरून नदीत जातं का? जिथे पोचलं तिथेच त्याला नवा पाट काढून द्यावा लागतो. देव तुम्हाला अकरा वर्षं मागे जाऊन बिशपसाहेबांच्या दिवाणखान्यात उभं राहा असं सांगणार नाही. तो दिवाणखानाही राहिला नाही, तिथे आता जिना झालाय. तो आजचं काहीतरी सांगेल. आज काय करायचं ते तुम्हाला ठाऊक आहे?"

"वदीदाला सांगायचं."

"आधी तिला. मग गावाला, उद्या उपासनेनंतर अंगणात. आणि त्याच्याही आधी हे पीठ किती वेळ ठेवायचं ते मला सांगा, कारण मला खरंच कळत नाही."

मास्तरांनी बोट लावून पाहिलं. "पाव तास," ते म्हणाले, आणि का कोण जाणे, त्यांना रडू कोसळलं.

वदीदा गच्चीवर होती. मातीच्या थाळ्यांवर ती पिठाचे गोळे मांडत होती. तिकडची भाकर उन्हात फुगवून मग भाजतात. जिन्यावर पावलं वाजली तशी ती धावली. "अरे, वर कशाला आलास? थांब, बस तिथेच, श्वास घे."

"मला लागत नाही गं," मास्तर म्हणाले. "मला कधीच लागत नव्हतं."

त्यांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. संपल्यावर वदीदा वळली आणि उरलेले गोळे थाळ्यांवर थापू लागली. इतक्या जोरानं, की एक थाळी फुटली. मास्तर वाकून तुकडे गोळा करू लागले, तेव्हा ती म्हणाली, "हात लावू नकोस." त्या दिवशी घरात ती पुन्हा बोलली नाही. रात्रीचं जेवण मात्र तिनं वाढलं. त्यात मीठ मूठभर होतं. मास्तरांनी ताट पुसून खाल्लं.

रविवार थॉमसचा होता, ईस्टरनंतरचा पहिला. चर्च खचाखच भरलं होतं. पहाटेची भाकर मास्तरांनी भाजली होती, आणि उपासनेनंतर उरलेल्या भाकरी वाटल्या तेव्हा लोक तोंडात घास धरून एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, घोब्रियालकाका परत आले वाटतं. अबूना बाखूम पायरीवर उभे राहिले. "घोब्रियालकाका नाहीत. ज्यानं भाजलीय त्याला तुम्हाला काही सांगायचंय. भाकर गिळून घ्या, मग ऐका, नाहीतर ठसका लागेल."

मास्तर अंगणात मधोमध उभे राहिले. एकेकाळी याच लोकांना त्यांनी पाढे म्हणून दाखवायला लावले होते. आता त्यांच्या तोंडून सगळं एकदमच निघालं. त्यांनी कुठेही लायकीचं नाव घेतलं नाही, भीतीचं घेतलं. आईच्या मयताचंही सांगितलं. "तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते मी चोरून खाल्लं," ते म्हणाले. "फेबीला यातलं काही माहीत नाही. तिचं काळीज चांगलं आहे. माझंही चांगलं होतं."

मागून एक माणूस थुंकला आणि फाटकाबाहेर चालता झाला; मास्तरांच्या आईची खाट ज्यांनी खांद्यावर नेली होती, त्यांतला तो एक होता. मास्तरांनी त्याला जाताना पाहिलं आणि मान खाली घातली.

तेवढ्यात उम्म रिझ्क काठी टेकत पुढे आली. ऐंशी वर्षांची, वाळकी, डोळे मात्र ससाण्याचे.

"सिधोम."

"हो, मावशी."

"म्हणजे मी अकरा वर्षं मंगळवारी नुसत्या कांदा-भाकरीवर राहिले, ते काय तुझ्या धडधाकट काळजासाठी?"

"हो, मावशी."

"आमच्या घरात मंगळवारीच कोंबडी शिजते," म्हातारी म्हणाली. "अकरा वर्षं मी वास घेतलाय."

आधी एक बाई हसली. मग बायकांची सगळी ओळ हसली, मग पुरुष. अबूनांना तर पायरीवर बसावं लागलं. उम्म रिझ्क हसली नाही. तिनं काठीनं कोपरा दाखवला. तिथे चर्चच्या वाट्याच्या नव्या गव्हाची पोती रचलेली होती.

"खरं बोलतोयस हे कशावरून? एकदा फसवलंयस. ते पोतं उचल आणि चर्चच्या गच्चीवर नेऊन ठेव. मी बघते."

मास्तरांनी कोट काढला. बेकरीत त्यांनी पोती कमी उचलली नव्हती, पण पन्नाशी जवळ आली होती आणि जिना होता एकवीस पायऱ्यांचा. पोतं पाठीवर आलं. पोरं बरोबर धावू लागली, पायऱ्या मोजू लागली, आणि दहाव्या पायरीपासून अख्खं अंगण मोजू लागलं, पाढे म्हणावेत तसं, सुरात. पंधराव्या पायरीला मास्तरांचे पाय लटपटले. "आता मरू नका, मास्तर," खालून कुणीतरी ओरडलं, "आता मेलात तर कुणी विश्वास ठेवणार नाही." मास्तरांनाच हसू फुटलं. हसत, धापा टाकत, घामानं निथळत ते वर पोचले आणि पोत्यासकट खाली बसले. बायकांनी जिभा हलवून असा जल्लोष केला की खजुरावरचे पक्षी उडाले.

उम्म रिझ्कनं सुनेकडे पाहिलं. "लग्नाची तारीख काढा," ती म्हणाली. "काळीज बरं आहे. अक्कल बापाकडून येत नसली म्हणजे झालं."

वदीदा यातलं सगळं फाटकाजवळून बघत होती. घरी परतल्यावर मास्तर खालच्या खोलीत गेले, तर पलंग रिकामा. चादर नाही, उशी नाही. त्यांना वाटलं, बहिणीनं घराबाहेर काढलं. पिशवी शोधायला ते वळले, तोच वरून तिचा आवाज आला. "तुझं अंथरूण गच्चीवर टाकलंय. एवढं पोतं वाहणाऱ्याला कशाला पाहिजे खालची खोली? आणि वर येताना तो पाण्याचा हंडा घेऊन ये. अकरा वर्षं मी एकटी वाहतेय."

मास्तरांनी त्या संध्याकाळी सहा हंडे वाहिले.

सोमवारी वदीदा त्यांना वाळवंटाच्या कडेच्या दफनभूमीत घेऊन गेली. आईच्या घुमटीपाशी तिनं फडक्यानं धूळ झटकली आणि बाजूला झाली. "मला सांगितलंस, गावाला सांगितलंस. आता हिला सांग. मी तिकडे उभी राहते. पण मोठ्यानं सांग, तिला शेवटी कमी ऐकू यायचं."

मास्तरांनी मोठ्यानं सांगितलं. मधे त्यांचा आवाज फुटला, मग पुन्हा सापडला. बोलणं संपलं तरी ते तिथेच बसून राहिले, आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्यांना प्रार्थना करावीशी वाटली. त्यांनी काही मागितलं नाही. ते म्हणाले, मी इथे आहे. कसलाही जाब आला नाही. गरम वारा आला आणि वदीदाच्या हुंदक्याचा आवाज आला. ती दगडाआड उभी राहून रडत होती, आणि मास्तर जवळ गेले तेव्हा तिनं त्यांच्या खांद्यावर एक गुद्दा मारला आणि मग डोकं तिथेच टेकलं.

मास्तर परत इस्कंदरियाला गेले ते सामान आणायलाच. फेबीला त्यांनी स्वतः सांगितलं. ती दोन दिवस रुसली, आणि तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, की एकवीस पायऱ्या खरंच चढलात का, दाखवा बघू. मास्तर गावी राहायचं म्हणाले तेव्हा अन्साफनं फक्त डबे भरायला घेतले. "समुद्राचं काय?" मास्तरांनी भीत भीत विचारलं.

"अकरा वर्षांत दोनदा नेलंत मला समुद्रावर," अन्साफ म्हणाली. "मला नदी चालेल."

प्रेषितांच्या उपासात लग्नं होत नाहीत, म्हणून तो लागायच्या आधीच्या शेवटच्या रविवारी लग्न होतं, त्याच सकाळी उपासना. मास्तर तीनला उठले होते. भट्टी धगधगत होती, तोंडानं स्तोत्रं चालली होती, आणि एकेका गोल भाकरीवर ते लाकडी शिक्का दाबत होते: मधे मोठा क्रूस, भोवती बारा लहान. मग सळीनं पाच भोकं. दाराबाहेर अन्साफ नव्या कपड्यांत येऊन उभी राहिली. बायका आत येत नाहीत म्हणून ती चौकटीशीच थांबली.

"अहो, नवरीचा बाप असा पिठानं माखून उभा राहणार आहे का?"

"पाव तास," मास्तर म्हणाले.

"तुमचा पाव तास मला माहीत आहे." पण ती गेली नाही. तिथेच उंबऱ्याबाहेर बसली, आणि मास्तर स्तोत्र म्हणता म्हणता जिथे अडले तिथे पुढची ओळ तिनं सांगितली.

उपासना सुरू झाली तेव्हा मास्तरांनी टोपली डोक्यावरून नेऊन पुढे धरली. अबूना बाखूमनी एक भाकर उचलली, उलटीसुलटी करून पाहिली, ठेवली. दुसरी उचलली, ठेवली. तिसरीवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि ती अर्पणासाठी निवडली. मास्तर मागे पुरुषांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. आजाऱ्यांची नावं आली. घोब्रियालकाकांचं आलं, आणखी तिघांची आली, आणि यादी संपली. "प्रभू, दया कर," सगळ्यांनी म्हटलं, आणि मास्तरांचा आवाज त्या सगळ्यांत असा उठला की बायकांच्या पुढच्या ओळीतल्या उम्म रिझ्कनं मागे वळून पाहिलं.